चिलीम आणि मेंदूचा ठेका

आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी येत असे. माणूस कष्टाळू. भजनात टाळ वाजवी. एके दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, काल गिरवलेलं अक्षर आज आठवत नाही. माझं वय झालं का?"

मी विचारले, "वर्गाला येण्याआधी काय करता?"

तो खाली बघून म्हणाला, "गांजाची चिलीम ओढतो. डोकं कसं हलकं होतं!"

मी म्हणालो, "दहा टाळकरी आपापल्या मनाने वाजवू लागले तर?"

"मग कसलं भजन? नुसता गोंगाट!"

मेंदूचेही असेच आहे. मेंदूत अब्जावधी बारीक पेशी असतात. त्या विजेच्या इवल्याशा ठोक्यांनी एकमेकींना निरोप देतात. पुष्कळ पेशी एका ठेक्यात चालल्या, की विजेच्या लहरी उठतात. जर्मनीतील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील या लहरी प्रथम यंत्राने टिपल्या. आपण जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसलो, की सेकंदाला ८ ते १३ लहरी उठतात.

गांजात टीएचसी नावाचे द्रव्य असते. भांगेतही तेच असते. ते रक्तातून मेंदूत जाते. २००६ साली शास्त्रज्ञांनी उंदरांना अशा प्रकारची द्रव्ये टोचून पाहिली. आठवण धरणाऱ्या भागातील पेशींचे ठोके चालूच होते. पण त्यांचा एकमेकींशी मेळ तुटला. उंदीर आधी कोणत्या वाटेने गेलो हे विसरू लागले. टाळ वाजत होते, ठेका गेला होता.

माणसाचेही तसेच होते. आताच ऐकलेले विसरते. हिशेब चुकतो. पाच मिनिटे फार लांब वाटतात. हात उशिरा हलतो. अशा वेळी मळणीयंत्रात पेंढी घालणे किंवा गाडी हाकणे म्हणजे जिवाशी खेळ. पोरांनी तर चिलमीला शिवूच नये. मेंदूची वाढ विशी ओलांडली तरी चालू असते. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला भास होण्याचा, वेड लागण्याचा धोका वाढतो.

कोणी म्हणेल, "साधू ओढतात, मग आम्ही का नको?" अंगावर भगवे असो की घोंगडे, मेंदू सर्वांचा एकच.

चिलीम सोडली, की बहुतेकांची आठवण हळूहळू सुधारते. सुरुवातीचे काही दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते. त्याला भिऊ नये. सरकारी दवाखान्यात सांगावे. लाजू नये.

त्या शेतकऱ्याने चिलीम सोडली. पुढच्या पावसाळ्यात त्याने आपला सातबारा स्वतः वाचला. एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, हे माझं नाव!"

प्रश्न
१. टाळकऱ्यांचा ठेका चुकला तर काय होते?
२. गांजाने मेंदूतील पेशींचे काय बिघडते?
३. तुमच्या घरी कोणी चिलीम ओढत असेल, तर त्याला हा धडा वाचून दाखवा.