लढाऊ विमानाची प्रतिकृती : एका हरिकेनच्या निमित्ताने

विमानांच्या लहान प्रतिकृती तयार करणे हा मुलांचा खेळ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे हे दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच आठवड्यात घडलेल्या एका घटनेवरून दिसून येईल. ६ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे शत्रूची विमाने येत असल्याचा चुकीचा इशारा मिळाला. त्यावरून आकाशात झेपावलेल्या ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपल्याच बाजूची दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. त्यांपैकी एकाचा वैमानिक माँटेग्यू हल्टन-हॅरप हा मरण पावला. लढाऊ विमाने चालविणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांपैकी या युद्धातील तो पहिला बळी होय. त्याला मारणारी विमाने शत्रूची नव्हती. चूक झाली ती ओळखण्यात.

विमान दुरून ओळखणे ही अशा रीतीने जीवनमरणाची बाब ठरली आणि त्या शिक्षणासाठी प्रतिकृतींचा उपयोग होऊ लागला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. पाच लाख प्रतिकृतींचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या सर्व मूळ विमानाच्या १/७२ आकाराच्या आणि काळ्या रंगाच्या असत. रंग काळा ठेवण्याचे कारण उघड आहे. आकाशात दूरवर दिसते ती विमानाची केवळ आकृती; तेव्हा पाहणाऱ्याने तीच मनात ठसवावी. अशी प्रतिकृती १० मीटरांवर धरली, की डोळ्यांना ती ७२० मीटरांवरील खऱ्या विमानाएवढी दिसते. पंखाची रुंदी किंवा शेपटीचा कोन चुकला, तर ती शिकवील तेही चुकीचेच असेल.

युद्ध संपले आणि ही गरजही उरली नाही. परंतु प्रतिकृतीची कसोटी मात्र बदललेली नाही. खेळणे शोभिवंत असले की पुरते. प्रतिकृती ही मूळ वस्तूविषयीची साक्ष असते आणि साक्ष खरी किंवा खोटी असू शकते. ही गोष्ट एका विमानाच्या आधाराने पाहणे सोयीचे होईल. त्यासाठी हॉकर हरिकेन हे विमान येथे घेतले आहे.

प्रमाणाचा अर्थ

सिडनी कॅम यांनी आखलेले हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. पुढे या जातीची १४,००० हून अधिक विमाने तयार झाली. त्याच्या पंखांचा विस्तार ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर होता. १/७२ हे प्रमाण घेतल्यास तो सुमारे १६९ मिलिमीटर होतो. १/४८ हे प्रमाण घेतल्यास २५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १० इंच. यांपैकी १/७२ हे प्रमाण इंग्लंडमध्ये १९३०-४० या दशकात रूढ झाले. एक इंच म्हणजे सहा फूट, असा त्याचा सोपा हिशेब असल्यामुळे ते लोकप्रिय ठरले.

लांबी ७२ पटींनी घटली, की पृष्ठफळ ५,१८४ पटींनी आणि घनफळ ३,७३,२४८ पटींनी घटते. हरिकेनचे रिकामे वजन सुमारे २,६०० किलोग्रॅम धरले, तर तंतोतंत प्रमाणात केलेली प्रतिकृती अवघी ७ ग्रॅम भरली पाहिजे. विमानाच्या पत्र्याची जाडी एक मिलिमीटर मानली, तर प्रतिकृतीत ती एक मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाहूनही कमी येईल. अशी वस्तू साच्यातून काढता येत नाही व हाताळताही येत नाही. यास्तव प्रतिकृतीत काही अतिशयोक्ती अटळ असते. ती कोठे आहे हे ओळखून शक्य तेथे कमी करणे, हे या कलेतील निम्मे काम आहे.

प्लास्टिकच्या संचातील पंखाची मागची कड एक मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्यक्षात ती ७२ मिलिमीटर जाड असल्यासारखे होते. खऱ्या पंखाची कड त्यामानाने सुरीच्या धारेसारखी असते. म्हणून पंखाचे वरचे व खालचे अर्ध जोडण्यापूर्वी ते आतून घासून पातळ करावे लागतात. पत्र्यांच्या सांध्यांचेही तसेच आहे. ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे मूळ विमानात दोन सेंटिमीटरांहून मोठी फट होय. एवढ्या फटी असलेले विमान कोणी उडविले नसते.

एक विमान, एक दिवस

कुशल कारागीर ‘हरिकेन’ ही जात घडवीत नाही. तो एक विशिष्ट विमान, विशिष्ट काळातील स्थितीत घडवितो. कारण एकाच जातीत अनेक प्रकार असतात आणि एकाच विमानाचेही रूप महिन्यागणिक बदलत असते. हरिकेनच्या पहिल्या प्रकारात आठ मशीनगन होत्या. दुसऱ्या प्रकाराच्या ‘बी’ आवृत्तीत त्या बारा झाल्या. ‘सी’ आवृत्तीत त्यांच्या जागी २० मिलिमीटरच्या चार तोफा आल्या. म्हणून पंखांच्या पुढच्या कडेवरील भोके मोजूनच जाणकार प्रतिकृतीची परीक्षा सुरू करतो. आघाडीवरील विमानांत कारखान्यातून आलेली प्रत्येक गोष्ट तशीच राहत असे असेही नाही. त्यासाठी छायाचित्रच पाहावे लागते.

उदाहरणादाखल, १९४४ मधील इंफाळच्या लढाईतील भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे हरिकेन घेता येईल. या स्क्वाड्रनचे नेतृत्व तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्याकडे होते. शत्रूच्या हालचालींची टेहळणी हे तिचे एक प्रमुख कार्य होते. अर्जन सिंग यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. २००२ मध्ये त्यांना ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ हा सर्वोच्च हुद्दा देण्यात आला. अशा विमानाची प्रतिकृती करावयाची म्हणजे स्थळ व काळ निश्चित झाले. आणि त्यांच्याबरोबर कितीतरी प्रश्नांची उत्तरेही निश्चित झाली.

छायाचित्र हा येथे मुख्य पुरावा असला, तरी तोही सावधपणे वाचावा लागतो. त्या काळच्या काही फिल्म तांबड्या प्रकाशाला संवेदनशील नसत. त्यांवर तांबडा रंग जवळजवळ काळा, पिवळा मूळपेक्षा गडद आणि निळा फिकट दिसे. फिल्मची जात लक्षात न घेता छायाचित्रावरून रंग ठरविल्याने अनेक प्रतिकृती चुकल्या आहेत.

बांधणी

संचातील सुटे भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुतात. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला, तर त्यावर रंग धरत नाही. नंतर प्रत्येक जोड आधी कोरडा बसवून पाहतात. पोलिस्टायरीनसाठी वापरला जाणारा द्रव खळीप्रमाणे चिकटवीत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतो. त्यामुळे तो बेताने लावावा लागतो. त्याची वाफ अपायकारक असल्याने खोलीत वारा खेळता असणे आवश्यक आहे.

आरंभ वैमानिकाच्या कक्षापासून होतो, कारण धडाचे दोन भाग मिटल्यावर तेथे हात पोचत नाही. ब्रिटिश विमानांत हवेतील वेग, उंची, दिशा, क्षितिजाची पातळी, चढण्याचा दर आणि वळण दाखविणारी सहा प्रमुख उपकरणे एका ठरावीक क्रमाने मांडलेली असत. हरिकेनच्या कक्षाला सलग तळ नव्हता. वैमानिकाच्या पायांखाली टाचा टेकण्यापुरत्या दोन पट्ट्या होत्या; त्यांच्या खाली पोलादी नळ्यांचा सांगाडा व अंधार. संचात सपाट फळी दिलेली असेल, तर ती काढणे किंवा निदान काळी करणे हेच खरेपणाला धरून होईल.

धड व पंख जोडताना कोनांकडे लक्ष द्यावे लागते. हरिकेनच्या पंखांचा धडाजवळचा भाग आडवा व सरळ असतो. बाहेरचे दोन भाग तेवढे किंचित वर वळलेले असतात. पुठ्ठ्यात कापलेल्या आकाराचा आधार देऊन हा कोन सुकेपर्यंत कायम ठेवतात. समोरून पाहता दोन्ही टोके समान उंचीवर नसतील, तर पुढचे सारे श्रम वाया जातात. हरिकेनची चाके आतल्या बाजूस मिटत. त्यामुळे जमिनीवर ती एकमेकांपासून दूर असत व विमान ठाम उभे राही. स्पिटफायरची चाके याउलट बाहेरच्या बाजूस मिटत. तिन्ही पाती असलेला पंखा वैमानिकाच्या दृष्टीने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असे. पाती उलटी बसविली, तर ते विमान मागे जाईल.

सांधे पुट्टीने भरून पाण्यात भिजविलेल्या बारीक पॉलिश कागदाने घासतात. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग पत्र्याचा नसून लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. पुष्कळदा हे कापड प्रतिकृतीत उंचसखल लाटांसारखे दाखविलेले असते. प्रत्यक्षात ते रोगणाने ताणून ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ झालेले असे. तेव्हा या लाटा घासून जेमतेम जाणवतील एवढ्याच ठेवाव्यात.

रंग आणि चिन्हे

इंफाळच्या विमानाची वरची बाजू गडद हिरव्या व मातकट तपकिरी पट्ट्यांची आणि खालची बाजू राखाडी असते. हाच रंग लहान पृष्ठभागावर अधिक गडद भासतो. ५० सेंटिमीटरांवरून पाहिलेली १/७२ प्रतिकृती म्हणजे ३६ मीटरांवरून पाहिलेले विमान. एवढ्या अंतरावर हवेमुळे रंग थोडे फिके दिसतात. म्हणून काही कारागीर मूळ रंगात किंचित पांढरा मिसळतात. काहींना हे मान्य नाही. दोन्ही पक्षांची बाजू विचारात घेण्याजोगी आहे. पातळ थर अनेक वेळा द्यावेत, याविषयी मात्र मतभेद नाही.

यानंतर राष्ट्रचिन्हांचा प्रश्न येतो आणि येथे आरंभीच्या घटनेशी पुन्हा संबंध जुळतो. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार चिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपानी विमानांचे चिन्ह संपूर्ण तांबडे वर्तुळ. जंगलावर वेगाने उडणाऱ्या विमानाचा क्षणभर दिसलेला तांबडा ठिपका मित्राचा की शत्रूचा, हे कळणे कठीण होते. अमेरिकनांनी आपल्या चिन्हातील तांबडे वर्तुळ मे १९४२ मध्ये काढून टाकले. भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांवरही प्रथम तांबड्यावर पांढरा रंग फिरला, आणि १९४४ पर्यंत तेथे केवळ गडद व फिकट निळ्या रंगांचे लहान चिन्ह रूढ झाले. तेव्हा १९४४ मधील इंफाळच्या विमानावर तांबडा ठिपका काढणे म्हणजे ज्या चुकीने माणसे मेली असती तीच चूक पुन्हा करणे होय. १९४५ च्या आरंभी ओळखीसाठी पंखांवर व शेपटीवर पांढरे पट्टे आले. इंफाळच्या वेढ्याच्या काळात तेही नव्हते. केशरी, पांढरे व हिरवे चिन्ह तर १९५० पासूनचे आहे.

पाण्यात सुटणारी ही चित्रे चकचकीत पृष्ठभागावर बसवितात, कारण खडबडीत रंगाखाली हवा अडकून ती रुपेरी दिसतात. त्यांवर शेवटी चमक मारणारे रोगण देतात. मग येतो झिजेचा भाग. धुरांड्यांमागे काजळीचा तपकिरी-करडा फराटा, वैमानिक चढतो त्या पंखाच्या मुळाशी पावलांनी उडालेला रंग, चाकांवर माती एवढे पुरेसे असते. हौसेच्या भरात काहीजण सबंध विमानावर उघड्या धातूचे चंदेरी ओरखडे काढतात. हरिकेनच्या मागच्या धडावर ते सर्वस्वी असत्य ठरतात. जेथे पत्राच नाही तेथे तो उघडा पडणार कसा?

नोंदचिठ्ठी

दिल्लीतील पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयाने हरिकेन व स्पिटफायर ही दोन्ही विमाने जतन केली आहेत. आकार, जाडी, कापड व पत्रा यांतील फरक समजून घेण्यास प्रत्यक्ष विमानासारखा दुसरा गुरू नाही. मात्र संग्रहालयातील विमाने वेळोवेळी पुन्हा रंगविली जातात. म्हणून आकारासाठी त्यांची साक्ष घ्यावी, रंगासाठी घेताना विचार करावा.

पूर्ण झालेल्या प्रतिकृतीखाली एक लहानशी चिठ्ठी ठेवण्याची पद्धत चांगली आहे. विमान कोणत्या दलाचे, कोणत्या ठिकाणचे व कोणत्या महिन्यातील, हे तीवर लिहावे. कोणत्या गोष्टी छायाचित्रावरून घेतल्या आणि कोणत्या अनुमानाने भरल्या, हेही वेगवेगळे नोंदवावे. खालच्या बाजूचा रंग अनुमानाने दिला असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. पुढे कोणाला नवे छायाचित्र सापडले, तर नेमके काय दुरुस्त करावयाचे हे त्याला या चिठ्ठीवरून कळेल.