मत देणे आणि मत मांडणे
(वाचनपाठ, मोठा गट. पालकांनी मुलांबरोबर वाचावा.)



या वेळच्या पाठात गोष्ट नाही आणि कविताही नाही. मोठ्या गटातील मुलांना घरातले, जेवणातले, सणावारांचे मराठी छान येते, पण वर्तमानपत्रातला विषय निघाला की गाडी लगेच इंग्रजीच्या रुळावर जाते, असे आम्हा शिक्षकांच्या ध्यानात आले आहे. म्हणून सर्वांच्या ओळखीच्या जागेचा एक विषय निवडला आहे.

नेपरव्हिलहून आगगाडीने युनियन स्टेशनवर उतरले की तिथून दोनेक मैल पश्चिमेला युनायटेड सेंटर आहे. बुल्स आणि ब्लॅकहॉक्स यांचे हे घर १९९४ मध्ये उघडले. सामन्याला गेलेल्यांना आठवत असेल, इमारतीच्या चहूबाजूंनी पार्किंगच पार्किंग. दोन्ही संघांचे मिळून नियमित हंगामात ८० च्या वर घरचे सामने होतात, शिवाय संगीताचे कार्यक्रम. उरलेल्या दिवशी तिथे डांबराचे रिकामे मैदान.

जुलै २०२४ मध्ये संघांच्या मालक घराण्यांनी, म्हणजे राइन्सडॉर्फ आणि वर्ट्झ यांनी, या जागेसाठी "१९०१ प्रोजेक्ट" जाहीर केला. १९०१ हे साल नव्हे हं! युनायटेड सेंटरचा पत्ताच १९०१ वेस्ट मॅडिसन स्ट्रीट आहे. जागा सुमारे ५५ एकर, अंदाजे खर्च ७ अब्ज डॉलर. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. तेव्हा ७ अब्ज म्हणजे किती कोटी? मुलांनी सांगावे.) आधी ६,००० आसनांचे संगीतगृह, हॉटेल आणि छतावर बाग असलेले मजली पार्किंग, आणि पुढच्या अनेक वर्षांत ९,००० हून अधिक घरे, अशी ही योजना आहे. घरांपैकी एक पंचमांश परवडणाऱ्या भाड्याची किंवा किमतीची असावीत असे ठरले. २०२५ च्या सुरुवातीला शिकागोच्या नगरपरिषदेने मंजुरी दिली.

आता लोकांचे म्हणणे. पुष्कळांना योजना आवडली. रिकाम्या डांबरावर घरे आली तर कोणाचे काय बिघडले? कामे मिळतील, दुकाने येतील, रात्री रस्त्यावर वर्दळ राहील. जमीन मालकांची स्वतःची आहे, कोणाचे घर पाडायचे नाही. हा मुद्दा आम्हालाही वजनदार वाटतो.

मग शेजारी काळजी का करतात? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर याच वेस्ट मॅडिसन रस्त्यावर जाळपोळ झाली आणि कित्येक दुकाने पुन्हा उभी राहिली नाहीत. जवळच हेन्री हॉर्नर होम्स ही गरीब कुटुंबांची मोठी सरकारी वसाहत होती. तीही पुढे टप्प्याटप्प्याने पाडली गेली. युनायटेड सेंटर बांधताना काही घरे जाणार होती, तेव्हा तिथले लोक एकत्र आले, मालकांशी वाटाघाटी केल्या, आणि घरे गेलेल्यांना नवी घरे मिळवून दिली. ज्यांनी हे पाहिले आहे ते नुसत्या सुंदर चित्रांवर विश्वास ठेवत नाहीत.

त्यांची मुख्य भीती घर पाडले जाण्याची नाही, ते महाग होण्याची आहे. कुक काउंटीत दर तीन वर्षांनी घरांची नव्याने किंमत ठरवतात. शेजारी उंच इमारती आल्या आणि आपल्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली, तर कराच्या एकूण रकमेतला आपला वाटाही वाढतो. घर विकणाऱ्याचा फायदा होतो, पण निवृत्तिवेतनावर तिथेच राहू इच्छिणाऱ्या आजीबाईंनी तो कर कुठून भरायचा? आणि भाडेकरूच्या हाती तर किंमत वाढल्याचा एक डॉलरही येत नाही, फक्त भाडेवाढीची चिठ्ठी येते. शिवाय संगीतगृह आणि हॉटेल आधी, घरे नंतर, हा क्रम आम्हाला खटकतो. परवडणाऱ्या घरांचे आश्वासन शेवटच्या टप्प्यांत विसरले जाऊ नये.

मुंबईचे उदाहरण पाहा. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यांच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. म्हणजे तिथे जुना रहिवासी योजनेच्या आत असतो, त्याला घर द्यावेच लागते. शिकागोत शेजारी योजनेच्या कुंपणाबाहेर आहे. त्याचे काही पाडले जात नाही, म्हणून त्याला काही देणेही लागत नाही.

आता शब्दांकडे वळू. "काँडो" ला मराठीत काय म्हणाल? "सोसायटीतला फ्लॅट" म्हटले तर आजोबांना कळेल, पण ते तंतोतंत बरोबर नाही. सोसायटीत इमारत संस्थेची असते आणि आपण सभासद. काँडोत आपला फ्लॅट आपल्या नावावर, जिना आणि छप्पर सर्वांचे सामाईक. महाराष्ट्रात १९७० च्या कायद्याने अशाच मालकीला "अपार्टमेंट" म्हणतात, आणि इथे अपार्टमेंट म्हटले की भाड्याचे घर! भारतातल्या पाहुण्यांशी बोलताना हा गोंधळ हमखास होतो.

"हरकत" शब्दही गमतीचा आहे. "काही हरकत नाही" म्हणजे चालेल. पण जनसुनावणीत उठून "माझी हरकत आहे" म्हटले तर ती नोंदवून घ्यावी लागते. आणि "मत" तर दुहेरी आहे. निवडणुकीत मत देतात, सभेत मत मांडतात. मत द्यायला अठरा वर्षे पूर्ण लागतात. मत मांडायला वयाची अट नाही. आपल्या नेपरव्हिलमध्ये नगराध्यक्ष आणि आठ नगरसेवक आहेत, आणि त्यांच्या सभेत रहिवाशांना बोलता येते.

गृहपाठ : स्वतःला युनायटेड सेंटरशेजारी राहणारे समजा. घरमालक, भाडेकरू, दुकानदार किंवा बुल्सचा चाहता, यांपैकी एकाच्या वतीने नगरसेवकाला दहा ओळींचे पत्र लिहा. "माझ्या मते", "मला मान्य नाही, कारण" आणि "माझी हरकत अशी की" हे तिन्ही वापरा. पालकांनी विरुद्ध बाजूने उत्तर लिहावे, मराठीतच. दोन्ही पत्रे पुढच्या वर्गात मोठ्याने वाचू.