खळ्यांतला दाणा आणि पानांतला घांस

तळा तालुक्यांत भाताची कापणी आली म्हणजे अन्नाची पहिली नासाडी ताटांत नव्हे, बांधावर सुरू होते. अन्न वांचविण्याच्या उपदेशांत ही गोष्ट बहुधा येत नाहीं. उपदेश बायकांना होतो आणि पुरुषमंडळी मान डोलावितात! म्हणून हा धडा शिकविणाऱ्या उपदेशक बंधूंस आमची विनंति कीं, त्यांनीं आरंभ शेतापासून करावा.

भात फार पिकूं दिलें तर लोंबी हलतांच दाणे गळतात. लोंबींतील शंभरांपैकीं ८०-८५ दाणे पिकले कीं विळा लावावा. कापलेलें भात परतीच्या पावसांत शेतांत पडून राहिलें तर त्यास मोड येतात; ओलें तसेंच कणगींत भरलें तर बुरशी धरते. दातांखालीं दाणा कटकन तुटेपर्यंत तें उन्हांत वाळवावें. शिवाय उंदीर आपला वांटा नेतात तो निराळाच. रायगड जिल्ह्यांतील कातकरी बांधव कापणीनंतर बिळें खणून हेंच भात काढीत आले आहेत. ज्या कुटुंबाचे पावसाळ्याचे दिवस ओढीचे जातात आणि पाऊस सरल्यावर ज्यास वीटभट्टीची वाट धरावी लागते, त्यास तें बीळ म्हणजे कोठारच होय. रूथेनें सरवा वेचला ही कथा आपण मुलांस शिकवितों. गरिबासाठीं शेताची कड न कापतां राखण्याचा नियम त्या लोकांत होता, हेंही त्याच वेळीं सांगावें.

आतां चुलीकडे वळूं. एका घरानें रोज १५० ग्रॅम भात टाकला तर सुमारें ५० ग्रॅम तांदूळ गेले. वर्षाकाठीं ते १८ किलोंवर भरतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबांतील माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळतें. म्हणजे एका माणसाचें साडेतीन महिन्यांचें धान्य खरकट्यांत गेलें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत १०५ कोटि टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतील ६० टक्के घराघरांतून.

कोंकणांतील गरिबाघरीं फारसें टाकलें जात नाहीं, हें आम्ही जाणतों. तेथें पेजेचा थेंबही पोटांत जातो आणि कोंडा कोंबड्यांस. नासाडी होते ती लग्नकार्यांत. पानें तीनशें, स्वयंपाक पांचशेंचा. कां, तर कमी पडल्यास नांव जाईल! मुंबईच्या डबेवाल्यांनीं २०१५ सालीं रोटी बँक काढून समारंभांत उरलेलें अन्न भुकेल्यांस पोंचविण्याचें काम आरंभिलें. दिवसभर दुसऱ्यांचे डबे वाहणाऱ्या माणसांस हें सुचावें, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

आपल्या गांवांत बँक नको, दोन माणसें पुरेत. पंगत बसण्यापूर्वींच जास्तीचा भात व आमटी स्वच्छ भांड्यांत झांकून वेगळी काढावी आणि गरम असतांनाच जवळच्या वाडीवर पोंचवावी. पानांत उष्टें झालेलें, किंवा दुपारपासून उकाड्यांत राहिलेलें अन्न संध्याकाळीं कोणासही देऊं नये. शिजलेला भात उघडा पडून राहिला कीं त्यांत विष तयार होतें, व तें पुन्हां उकळल्यानेंही जात नाहीं. असें अन्न खताच्या खड्ड्यांत टाकून वर माती लोटावी.