मन होण्याची वाट पाहू नये

दवाखान्यात येणाऱ्या काही जणांचं दुखणं कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडत नाही. रक्तदाब ठीक, साखर ठीक, कार्डिओग्रामही ठीक. तरी तक्रार असतेच, ‘डॉक्टर, कशात मन लागत नाही.’ यात नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ असतात, मुलं नोकरीसाठी परगावी गेल्यावर मोकळ्या घरात वावरणाऱ्या बाई असतात आणि लोकल व ऑफिस यांत पिचलेली पस्तिशीतली माणसंही असतात. त्यांचं पुढचं वाक्य बहुधा एकच असतं, ‘जरा मन झालं की पुन्हा फिरायला जाईन, पेटी काढीन, मैत्रिणींना भेटेन.’

नेमकं इथेच गाडं अडतं. मन आधी होईल आणि मग हातून काही घडेल, असं सगळे धरून चालतात. वैद्यकाचा अनुभव याच्या उलट आहे. आधी काहीतरी करायला घ्यावं लागतं, मन त्याच्या मागून येतं.

पीटर लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात हे चक्र मांडलं. मन खट्टू झालं की माणूस एकेक गोष्ट सोडू लागतो. आधी सकाळचं फिरणं सुटतं, मग भिशी, मग शेजारपाजारी जाणं. जिथून थोडाफार आनंद मिळायचा त्या जागाच बंद झाल्यावर मन आणखी खाली जातं. हे चक्र विचारांच्या बाजूनं तोडणं अवघड असतं. कृतीच्या बाजूनं तोडणं त्या मानानं सोपं.

हे कागदावरचं शास्त्र नाही, याचा पुरावा गोव्यात मिळाला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार करून पाहिला. नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या 495 जणांचे दोन गट केले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला समुपदेशन. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेली, पण या कामासाठी शिकवून तयार केलेली माणसं होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाबरोबर बसून बघायचे, की दिवसभरात काय केल्यावर बरं वाटतं, काय सुटून गेलंय आणि त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल. तीन महिन्यांनी तपासलं, तेव्हा समुपदेशन मिळालेल्या गटात 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकानं हा अभ्यास छापला. आजारी माणसाला ज्यानं उभारी येते, त्याचा उपयोग नुसत्या कंटाळलेल्या, कोमेजलेल्या मनालाही होतो.

मग करायचं काय? एक आठवडा वहीत साधी नोंद ठेवावी. सकाळ, दुपार, संध्याकाळ काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, एवढंच. शून्य ते दहा असे गुण दिले तरी चालतील. आठवड्याअखेर ती पानं वाचताना बऱ्याच जणांना नवल वाटतं. मोबाइल चाळत गेलेल्या दीड तासाला दोन गुण असतात आणि गच्चीवर कुंड्यांना पाणी घालताना गेलेल्या दहा मिनिटांना सहा. मग त्या सहा गुणांच्या गोष्टीला वार आणि वेळ द्यायची. ‘रोज व्यायाम करीन’ हा संकल्प सहसा टिकत नाही. ‘मंगळवारी सकाळी सातला कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन येईन’ हा टिकतो, कारण तो लहान आहे आणि त्याला जागा नेमून दिलेली आहे. त्या सकाळी मन नसलं तरी चपला घालाव्यात. पाच मिनिटं चालून परत यावंसं वाटलं तर खुशाल यावं.

सकाळच सुचवण्याला कारण आहे. ढगाळ हवेतही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. सकाळी तो डोळ्यांना मिळाला की शरीरातलं घड्याळ नीट लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. झोप सुधारली की अर्धी चिडचिड आपोआप कमी होते.

त्या फिरण्यातही नजरेला थोडं काम द्यावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी साठीपुढच्या काही जणांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा 15 मिनिटं चालायला लावलं. एका गटाला एवढंच जास्तीचं सांगितलं होतं, की वाटेत थक्क करील असं काही शोधा. त्या गटाला दिवसभरात आनंद, कृतज्ञता अशा भावना अधिक जाणवू लागल्या. चालताना काढलेल्या सेल्फींतही फरक दिसला. चेहऱ्यावरचं हसू वाढत गेलं आणि चौकटीत स्वतःला मिळणारी जागा कमी होत गेली, मागचा परिसर मोठा झाला. आपल्याकडे यासाठी सह्याद्रीच गाठायला हवा असं नाही. रोजच्या रस्त्यावर फुललेला बहावाही पुरतो.

सुखाची सवय होते, ही मात्र खरी अडचण. नवा सोफा महिन्याभरात नुसता सोफा उरतो, आवडीचा चहा रोज त्याच वेळी पोटात जातो आणि त्याची चव कळेनाशी होते. यावर एक उपाय म्हणजे थोडं थांबणं. एका प्रयोगात काही लोकांना आठवडाभर चॉकलेट बंद केलं आणि काहींना भरपूर दिलं. आठवड्यानंतर तेच चॉकलेट थांबलेल्यांना जास्त आवडलं. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना हे सांगावं लागणार नाही. कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चातुर्मासात कांदा-वांगं बंद करायचं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग वांग्याला हात लावायचा. त्या दिवशीच्या भरिताची चव एरवीच्या भरिताला नसते. धार्मिक नेम पाळत नसलेल्यांनीही आवडीची एखादी गोष्ट अशी अधूनमधून आठवडाभर बाजूला ठेवून पाहावी.

दुसरा उपाय छंद. 16 देशांतल्या 65 वर्षांवरच्या 93 हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2023मध्ये असं दिसलं, की छंद असलेल्यांत नैराश्याची लक्षणं कमी आणि आयुष्याबद्दलचं समाधान अधिक होतं. मुळात तब्येत बरी असणारेच छंद जोपासत असतील, ही शंका रास्त आहे आणि अशा पाहणीतून ती पूर्ण फिटत नाही. तरीही गोव्यातल्या अनुभवाशी हे जुळतं. डॉ. अनिल अवचट यांचं उदाहरण मराठी वाचकांना जवळचं आहे. शिक्षणानं डॉक्टर, लिखाण समाजातल्या दुःखांवरचं आणि व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ची उभारणी. इतकं जड काम करणाऱ्या या माणसानं ओरिगामी, बासरी, चित्रं, लाकडातली शिल्पं सगळं मनापासून केलं आणि ‘छंदांविषयी’ हे पुस्तकही लिहिलं. कशातही पटाईत होण्याची अट त्यांनी स्वतःला घातली नाही, हे इथे महत्त्वाचं. पन्नाशीनंतर पेटी शिकणाऱ्यानं मैफलीची स्वप्नं बघायची गरज नाही. एक गत वाजवता आली तरी संध्याकाळ चांगली जाते.

मात्र सगळीच मरगळ वहीनं आणि फिरण्यानं जात नाही. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, बी-12ची कमतरता यांतही असंच गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणून एकदा रक्त तपासून घ्यावं. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटावं. जगणं नकोसं वाटत असेल, तर तो दिवसही जाऊ देऊ नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. औषधं लागली तर ती घेण्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी ‘जरा हसून-खेळून राहा’ असा उपदेश टाळावा. त्यानं समोरच्याला आणखी अपराधी वाटतं. ‘मी भाजी आणायला निघालेय, चल बरोबर, पिशवी तू धर’ असं म्हणावं. नाही म्हटलं तर वाद घालू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.