स्वागत-लाभ आणि कार्डाची अदलाबदल

उधारीचे खाते ही आपणा व्यापाऱ्यांस नवी वस्तू नव्हे. क्रेडिट कार्ड हेही बँकेने चालविलेले उधारीचे खातेच होय. आपल्या मंडळींपैकी कित्येकांची मुले-मुली आज अमेरिकेत राहतात. तेथील बँका नव्या कार्डधारकास मोठा स्वागत-लाभ देतात. उदाहरणार्थ, ३ महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केल्यास अमुक हजार गुण. कार्ड बदलल्यावर या लाभाचा हक्क उरतो काय, याचा येथे विचार करू.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. नवा अर्ज करून कार्ड घेणे निराळे, आणि आहे त्याच खात्यावर कार्डाचा प्रकार पालटणे निराळे. पालटताना खात्याचे वय जुनेच धरले जाते व बहुधा पतीची नवी चौकशी होत नाही. हा फायदा खरा. परंतु नवे खाते उघडले नसल्याने नव्या खात्याचा लाभ सामान्यतः मिळत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाने आंबेमोहोराऐवजी कोलम नेला, म्हणून आपण त्यास नव्या गिऱ्हाइकाची सूट देत नाही, तसेच हे.

पुढील प्रश्न असा की, पालटून घेतलेल्या कार्डाचा लाभ नंतर नवा अर्ज करून मिळेल काय? याचे उत्तर अटीच्या शब्दांत असते. अटी मुख्यतः दोन प्रकारच्या आढळतात.

पहिली अट कार्ड ‘जवळ असण्या’ची. अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींप्रमाणे ते कार्ड ज्याच्याजवळ आहे किंवा पूर्वी होते, त्यास लाभ नाकारला जाऊ शकतो. म्हणून गोल्ड कार्ड पालटून प्लॅटिनम घेणारा प्लॅटिनमच्या स्वागत-लाभास मुकण्याचा संभव असतो. शिवाय २०२३ मध्ये या कंपनीने अशीही अट घातली की, आधी प्लॅटिनम घेतलेल्यास गोल्डचा लाभ नाकारता यावा. अर्थात् पायरीने खालून वर जाणे हिताचे.

दुसरी अट लाभ ‘मिळाल्या’ची. सिटी बँकेच्या स्ट्राटा प्रीमियर कार्डास, मागील ४८ महिन्यांत त्याच कार्डाचा नव्या खात्याचा लाभ मिळाला असल्यास तो पुन्हा मिळत नाही, अशी अट घातलेली आढळते. येथे मुदत मोजावयाची ती लाभ मिळाल्यापासून. कार्ड घेतल्यापासून नव्हे. केवळ पालटून आलेल्यास ही अट आड येते की नाही, हे मात्र अटींचे नेमके शब्द वाचूनच ठरवावे.

आपल्या देशातही सावधगिरी हवीच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी, संमतीवाचून कार्ड वरच्या दर्जाचे करून आकार लावल्यास तो परत करावा व त्याच्या दुप्पट दंड ग्राहकास द्यावा, असे ठरविले.

तात्पर्य, पालटण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : कार्ड कधी घेतले, लाभ कधी मिळाला व खाते कधी बंद केले. अटींची प्रत जपून ठेवावी. आणि शेवटी व्यापाऱ्याचा हिशेब करावा. ४,००० डॉलरांची बाकी थकली व व्याज वर्षास शेकडा २४ असले, तर महिन्यास ८० डॉलर जातात. वार्षिक फी निराळीच. असा लाभ चार-सहा महिन्यांत व्याजातच विरून जातो. घरखर्चाची जी रक्कम तशीही द्यावयाची आहे आणि मुदतीत फेडता येणार आहे, तेवढ्यावरच मिळालेला लाभ आम्ही खरा लाभ समजतो. मुलांना पत्र धाडताना एवढे अवश्य कळवावे.