अंतर : किलोमीटरांचे आणि तासांचे

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. नकाशावर पट्टी ठेवावी, प्रमाणाने गुणावे की झाले! परंतु मुंबई आणि न्यूयॉर्क या शहरांसाठी हा प्रयोग करून पाहा. उत्तर हमखास चुकेल. कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल.

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला, थोडे वर दिसते. पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे चढतो आणि नॉर्वे व आइसलंडच्या परिसरातून खाली उतरतो. हाच बृहत् वृत्ताचा, म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते.

आता वेळेचा विचार करू. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर प्रवास १४ तासांत संपावयास हवा. प्रत्यक्षात तिकडे जाताना १५ ते १६ तास लागतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, परतताना पुढे ढकलतात. शिवाय मार्ग नेहमीच मोकळा नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडील अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

खरा घोटाळा होतो तो घड्याळामुळे. समजा, उन्हाळ्यात विमान मुंबईहून रात्री १ वाजता निघाले आणि १६ तास उडाले. तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे ५ वाजलेले असतील. न्यूयॉर्कची वेळ त्या दिवसांत साडेनऊ तास मागे असल्याने तेथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. तिकिटावर पाहणाऱ्यास वाटेल, प्रवास अवघा साडेसहा तासांचा! परतीच्या वेळी उलट होते. दुपारी १२ ला निघालेले विमान १४ तासांनी मुंबईस उतरते, तेव्हा येथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून प्रथम दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात, मगच वजाबाकी करावी.

पुणेकराने या हिशेबात आणखी भर घालावी. मुंबईपर्यंतचे सुमारे दीडशे किलोमीटर, त्याचे चार तास; विमानतळावर तीन तास आधी हजर राहणे. म्हणजे घराच्या उंबरठ्यापासून जवळजवळ एक दिवस झाला.

हा एक दिवस जड वाटू लागला, की आनंदीबाई जोशी यांचे स्मरण करावे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून बोटीने प्रस्थान ठेवले व ४ जून रोजी न्यूयॉर्क गाठले : तब्बल ५८ दिवस! वय नुकतेच अठरा पूर्ण झालेले, पती बरोबर नाहीत, आणि घरच्या पत्राच्या उत्तरालाही कित्येक आठवड्यांची प्रतीक्षा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, आजारी अवस्थेत मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी येथेच, पुण्यात, त्यांचे निधन झाले.

तेव्हा आणि आज, शहरे आहेत तेथेच आहेत; किलोमीटर घटलेले नाहीत. घटले आहेत ते तास. आज परदेशी शिकावयास जाणारा मुलगा घरी काही अडचण आली तर दुसऱ्या दिवशी परतू शकतो. आनंदीबाईंना ती सोय नव्हती, आणि तरीही त्या गेल्या. अंतर मोजताना किलोमीटरांशेजारी तासही का लिहावेत, ते यावरून कळेल.