हवेआधी इंधन

पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरवून शक्ती देणारे इंजिन ही जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांची कल्पना. असे पहिले इंजिन १९५७ साली चालले. जपानच्या माझदा कंपनीने १९८२ मध्ये कॉस्मो मोटारीत त्यास टर्बोचार्जरची जोड दिली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर हा पंखा फिरतो आणि अधिक हवा आत दाबतो.

या इंजिनात झडपा नसतात. हवेची द्वारे रोटरच उघडतो व मिटतो. त्यामुळे हौशी यंत्रज्ञास हवेचा मार्ग रुंद करणे तुलनेने सोपे जाते. इंधनाचे तसे नाही. आतील हवेचा दाब ०.७ बारने वाढला की पेट्रोलचा दाबही तितकाच वाढवावा लागतो. अन्यथा इंजेक्टरमधून येणारी धार क्षीण होते. मिश्रण विरळ झाले की अवेळी स्फोट होऊन रोटरच्या टोकांवरील पातळ पट्ट्या तुटतात. तो तुकडा बाहेर पडताना टर्बोचा पंखाही निकामी करू शकतो. एवढ्याशा पट्टीपायी सारे इंजिन उघडावे लागते! म्हणून जाणते कारागीर प्रथम पंप, इंजेक्टर व दाबनियंत्रक बदलतात, भर दाबाखाली मिश्रण मोजून पाहतात आणि मगच टर्बोचा दाब वाढवितात.